कर्ता पुरुष आणि गावाचा आधार : जामखेडच्या शेतकरी मंडळांचा एक विचार

१. विषय आणि त्याची मर्यादा

ग्रामीण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पुरुष सर्वत्र दिसतो. तरीही एका बाबतीत तो जवळजवळ अदृश्य राहिला आहे. जमीनधारक, कूळ, पाटील, सावकाराचा ऋणको, बलुतेदार, सत्याग्रही, सहकारी संस्थेचा सभासद अशा अनेक नात्यांनी त्याची नोंद दप्तरांत झालेली आढळते. मनाने खचलेला माणूस म्हणून मात्र त्याची नोंद क्वचितच झाली. तो मनोरुग्णालयाच्या दारात पोहोचला किंवा त्याच्या मृत्यूचा पंचनामा झाला, म्हणजेच दप्तर त्याच्या मनाची दखल घेते. त्याआधीची सारी वर्षे, ज्यांत तो गावात वावरत होता, शेत कसत होता आणि आतून ढासळत होता, इतिहासाच्या दृष्टीने कोरी राहतात.

ही उणीव केवळ अभ्यासाची नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत पुरुषांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. त्या वर्षी राज्यवार पाहता सर्वांत अधिक, म्हणजे २२,७४६, मृत्यू महाराष्ट्रात नोंदले गेले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक विकारांचे प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के व स्त्रियांत ७.५ टक्के आढळले. पुरुषांकडील या आधिक्यात मद्यासक्तीचा वाटा मोठा आहे, हे खरे. स्त्रियांचे दुःख कमी आहे, असा अर्थ या आकड्यांवरून काढता येणार नाही. ते निराळ्या वाटांनी व्यक्त होते आणि पुष्कळदा नोंदलेच जात नाही. पुरुषांचे दुःख बोलण्यातून कमी आणि व्यसनातून किंवा मृत्यूतून अधिक प्रकट होते, एवढे अनुमान मात्र या आकड्यांवरून काढावयास हरकत नाही.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार एका लहान प्रदेशाच्या आधारे करावयाचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील जामखेड तालुक्यात १९७० नंतर जे ग्रामीण आरोग्यकार्य उभे राहिले, त्याचे विवेचन बहुधा बालमृत्यू, माताआरोग्य आणि स्त्रियांची जागृती या अंगांनी झालेले आहे. त्याच कार्यातून पुरुषांची जी शेतकरी मंडळे निर्माण झाली, त्यांच्याकडे मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने पाहिल्यास काय आढळते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. ‘कर्ता’ ही कल्पना

मराठी कुटुंबव्यवस्थेत कुटुंबप्रमुखाला ‘कर्ता’ म्हणतात. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. इतरांचे स्थान नात्याने ठरते. कर्त्याचे स्थान कृतीने ठरते. जो करतो तो कर्ता. साहजिकच ज्याच्या हातून काही घडेनासे होते, त्याचे घरातील स्थान डळमळू लागते. पीक गेले, बैल विकावा लागला, मुलीचे लग्न लांबले, सोसायटीचे कर्ज थकले, की त्यात केवळ आर्थिक हानी होत नाही. ज्या क्रियापदावर त्याचे सारे अस्तित्व उभे असते, ते क्रियापदच निखळते.

अशा अवस्थेचे वर्णन करणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. ‘हाय खाल्ली’, ‘धसका घेतला’, ‘मनाला लावून घेतले’, ‘चित्त थाऱ्यावर नाही’, ‘हातपाय गाळले’ हे सर्व वाक्प्रचार खेड्यांत रोजच्या बोलण्यातले आहेत. त्यांचे दोन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की ते दुःखाला कारण जोडतात: हाय कशाची तरी खावी लागते, धसका कशाचा तरी घ्यावा लागतो. दुसरा असा, की त्यांत आजाराची भाषा नाही. ‘हाय खाल्लेल्या’ माणसाला दवाखान्यात न्यावे, असे कोणाला सुचत नाही. त्याच्याशी कोणीतरी बोलावे, त्याला बाहेर काढावे, एवढेच सुचते. याउलट ‘वेड लागणे’ हा शब्द आला, की माणूस समाजाच्या कक्षेबाहेर जातो. आणि ‘बाहेरची बाधा’ म्हटले, की तो देवऋष्याच्या हाती जातो. या टोकांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात खचलेल्या पुरुषाचे जीवन चालते. शिवाय रडण्याची मुभा त्याला नसते. ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस?’ हे वाक्य लहानपणीच त्याच्या कानी पडलेले असते.

शासनाने या क्षेत्रात जी व्यवस्था उभारली, तिचा भर दीर्घकाळ बंदिस्त रुग्णालयांवर राहिला. रत्नागिरी येथील रुग्णालय १८८६ चे व ठाणे येथील १९०१ चे. १९१२ चा वेडेपणासंबंधीचा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके लागू होता; त्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली आणि २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांना स्पष्ट मान्यता दिली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. परंतु हाय खाल्लेल्या शेतकऱ्याला या रुग्णालयांत जागा नव्हती आणि त्याने तेथे जावे असेही नव्हते. त्याचा आधार, जो काही होता तो, गावातच होता.

३. गावातील जुने आधार

पार, चावडी, तालीम, भजनी मंडळ आणि दिंडी ही पुरुषांच्या एकत्र येण्याची जुनी ठिकाणे होत. सावड आणि इर्जिक या श्रमाच्या देवघेवीच्या पद्धती त्यांतच धरावयास हव्यात. सावडीत शेजारचे शेतकरी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने काम करतात. इर्जिकीत एखाद्याचे अडलेले काम अनेक जण आपापली औते घेऊन एका दिवसात उरकतात व तो त्यांना जेवू घालतो. या पद्धतींचे आर्थिक विवेचन अनेकदा झाले आहे. त्यांचे मानसिक मूल्य असे, की अडलेल्या माणसाला याचना करावी लागत नाही. आज तो घेतो, उद्या तो देणार असतो. मदतीत उपकाराचा भार राहत नाही.

भजनी मंडळाची गोष्टही अशीच. आठवड्यातून एका रात्री ठरलेल्या ठिकाणी बसणे, टाळ धरणे, उंच आवाजात गाणे आणि डोळ्यांत पाणी आले तरी त्याचे कारण कोणी न विचारणे, ही सोय दुसऱ्या कोठेही नव्हती. वारीत पुरुष रडतो, परक्याच्या पाया पडतो, त्याला मिठी मारतो. गावात परतल्यावर जे लज्जास्पद ठरले असते, ते वाटेवर भूषण ठरते.

या आधारांचे अवास्तव गुणगान करणे मात्र अनैतिहासिक ठरेल. पारावर कोणी बसावे आणि कोणी पारापासून दूर उभे राहावे, हे जातीने ठरत असे. सावड बरोबरीच्या शेतकऱ्यांत चाले. भूमिहीनाला तिच्यात शिरकाव नव्हता. गावाची जवळीक हीच गावाची पाळतही असे. आधार देणारा समुदाय आणि बहिष्कार घालणारा समुदाय हे पुष्कळदा एकच असत, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावी लागते.

४. जामखेडची भूमी

जामखेड तालुका बालाघाटच्या रांगांच्या आश्रयाने, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेला आहे. जामखेड गावाजवळून विंचरणा वाहते. याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला आणि खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तालुक्याचा उल्लेख बहुधा एवढ्यावर थांबतो. सामान्य रहिवाशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा इतिहास अवर्षणांचा आहे. ज्वारी हे येथील मुख्य पीक आणि पाऊस बेभरवशाचा. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या मोठ्या दुष्काळांचा तडाखा या जिल्ह्याला बसला होता.

पाणी नसले, की माणूस बाहेर पडतो. जामखेड आणि त्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. अनेक महिने कारखान्याच्या आवारातील पालांत राहावे लागते. अशा माणसाला पार, भजनी मंडळ आणि सावड हे तिन्ही आधार वर्षातील अर्ध्या काळापुरते तरी पारखे होतात. उचल फिटेपर्यंत तो कर्ताही राहत नाही. त्याचे कर्तेपण मुकादमाकडे गहाण पडलेले असते.

५. १९७० चा प्रयोग

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४-२०११) आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले होते. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असता त्यांच्या लक्षात आले, की रुग्णालयात बरे झालेले रोगी त्याच रोगाने पुन्हा परत येतात. रोगाचे मूळ खेड्यातच राहते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पहिला दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरला. कार्याची पुढील कीर्ती सर्वश्रुत आहे. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकाश्रयी आरोग्यसेवेच्या उदाहरणांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि १९९४ मध्ये दोघांनी मिळून आपल्या कार्याची साद्यंत हकीकत ग्रंथरूपाने मांडली.

प्रारंभीच्या वर्षांतच १९७२-७३ चा दुष्काळ आला. राज्यभर दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये सुमारे ५० लक्षांवर पोहोचली होती. जमिनीचे मालक असलेले शेतकरी भूमिहीनांच्या शेजारी बसून खडी फोडू लागले. या अनुभवाचे दोन परिणाम झाले. एकीकडे, कर्त्या पुरुषाच्या प्रतिष्ठेला तो जबर धक्का होता. दुसरीकडे, संकटाने जातींच्या भिंतींना काही काळ का होईना तडे पाडले. अशा समयी लोकांनी दवाखान्याकडे औषध मागितले नाही. अन्न आणि पाणी मागितले. आरोळे दांपत्याने ती मागणी स्वीकारली. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे आणि पाण्यासाठी कूपनलिका ही कामे हाती घेण्यात आली. कूपनलिका दलित वस्तीत घ्यावयाच्या, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तेथे जावे लागेल, ही योजना त्या काळात फार सूचक होती.

६. शेतकरी मंडळांचा जन्म

पुरुषांना एकत्र आणण्याचा आरंभ सभेने झाला नाही. तो खेळाने झाला. खेड्यांतील तरुण व्हॉलीबॉल खेळण्यासाठी जमू लागले आणि खेळ संपल्यावर तेथेच बसून बोलू लागले. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटते. सामाजिक दृष्टीने ती किरकोळ नाही. सभेला बोलावले असते, तर जो तो आपल्या जातीच्या जागेवर बसला असता आणि बोलण्याचा अधिकार ज्याला परंपरेने होता तोच बोलला असता. खेळात जागा चेंडू ठरवतो. भिन्न जातींच्या तरुणांना एकाच जाळ्याच्या एका बाजूला उभे राहावे लागते, आणि ज्याने चेंडू उचलून दिला त्याची जात विचारण्यास अवसर नसतो.

या बैठकांतून शेतकरी मंडळे निर्माण झाली. सुधारित बी-बियाणे, जनावरांचे आजार, बँकेचे कर्ज, विहिरी, वृक्षलागवड आणि माती अडविण्याची कामे हे त्यांचे प्रारंभीचे विषय होते. हळूहळू गावाच्या आरोग्याची कामेही त्यांनी पत्करली. गावाची पाहणी करणे, सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणणे, क्षय व कुष्ठ यांचे रोगी लवकर ओळखण्यास मदत करणे, या गोष्टी पुरुषांच्या कक्षेत आल्या. पुढे गावोगावच्या स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून शिकू लागल्या. त्यांच्यापैकी अनेक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित जातींतील होत्या. त्यांना गावात उभे राहण्यास जी जागा मिळाली, ती मिळण्यात या मंडळांच्या पाठिंब्याचाही वाटा होता. महिला मंडळे त्यानंतर वाढली.

मनःस्वास्थ्य हे ध्येय ठेवून ही मंडळे निघाली नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यांचा हेतू शेती, पाणी आणि रोगनिवारण हाच होता. तथापि त्यांच्या रचनेत असे तीन गुण होते, की ज्यांचे मानसिक मूल्य आजच्या ज्ञानाच्या उजेडात सहज ओळखता येते.

पहिला गुण म्हणजे कामाचे अग्रत्व. पुरुषाला ‘तुझे दुःख सांग’ म्हटल्यास तो गप्प बसतो; त्याला ‘हा बांध धर’ म्हटल्यास तो कामाला लागतो, आणि काम चालू असता, समोरासमोर नव्हे तर शेजारी शेजारी असता, बोलू लागतो. ऑस्ट्रेलियात १९९० नंतर निवृत्त व एकाकी पुरुषांसाठी ज्या सामुदायिक कार्यशाळा निघाल्या, त्यांचे सूत्र हेच आहे. माणसे तेथे लाकूडकाम करावयास येतात. मन मोकळे होणे हे त्या कामाचे उपफल असते.

दुसरा गुण म्हणजे कर्तेपणाचे स्थलांतर. ज्याचे शेत करपले, त्याला घरापुरते पाहिल्यास करण्याजोगे काही उरत नाही. परंतु गावाची विहीर, गावाचे रोप, गावातील रोगी यांच्या बाबतीत त्याच्या हातून काहीतरी घडू शकते. घरात निखळलेले क्रियापद गावात पुन्हा सापडते. मदत घेणारा म्हणून नव्हे, तर मदत करणारा म्हणून जेव्हा खचलेला माणूस मंडळात येतो, तेव्हा त्याच्या अभिमानाला न दुखवता त्याला आधार मिळतो. सावडीतील जुने तत्त्व येथे जातीची मर्यादा ओलांडून अवतरलेले दिसते.

तिसरा गुण म्हणजे रोग्याला गावातच ठेवणे. कुष्ठरोग्याला वेगळे न काढता सर्वसाधारण दवाखान्यात व गावातच उपचार देण्याचे धोरण जामखेडला प्रारंभापासून होते. महाराष्ट्रात यापूर्वीचा थोर प्रयत्न बाबा आमटे यांचा. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीने आनंदवनात बहिष्कृतांचा स्वतंत्र, स्वाभिमानी समाजच निर्माण केला. गावाने टाकलेल्यांसाठी तो मार्ग होता. गावाने टाकू नये यासाठी जामखेडचा. दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव आहे: रोगापेक्षा तुटलेपण माणसाला अधिक मारते. बेल्जियममधील घेल या गावी मनोरुग्णांना सामान्य कुटुंबांत ठेवण्याची शतकानुशतकांची प्रथा याच जाणिवेची साक्ष देते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम याने १८९७ मध्ये आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की व्यक्ती ज्या समूहांत गुंफलेली असते त्यांची घट्ट वीण तिचे रक्षण करते आणि वीण सैल झाली की धोका वाढतो. शेतकरी मंडळे ही नव्याने घातलेली वीण होती, असे म्हणता येईल.

७. स्त्रियांच्या साक्षीत पुरुष

येथे साधनांचा एक प्रश्न उपस्थित होतो. जामखेड परिसरातील मनःस्वास्थ्याविषयी जे अभ्यास झाले, त्यांतील एक महत्त्वाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पाशी संबंधित स्त्रियांच्या मुलाखती होत्या. मनाच्या स्वास्थ्याचा संबंध या स्त्रियांनी दारिद्र्य, घरातील मारहाण आणि नवऱ्याची दारू यांच्याशी जोडला, आणि मंडळातील सहभागाने आपले बळ व मान वाढल्याचे सांगितले. २००७ च्या अखेरीस झालेल्या दुसऱ्या पाहणीत २४० ग्रामस्थ आणि ६० आरोग्यसेविका यांना मानसिक विकारग्रस्त व्यक्तींची काल्पनिक वर्णने सांगून कारणे विचारण्यात आली. बहुसंख्यांनी आर्थिक व सामाजिक कारणे सांगितली. दैवी किंवा भुताखेतांची कारणे फारशी पुढे आली नाहीत. स्त्रिया, बेकार आणि गरीब यांना धोका अधिक, असे उत्तरकर्त्यांचे मत होते.

या निष्कर्षांत दोन गोष्टी विचारार्ह आहेत. ग्रामस्थांनी दिलेली कारणे ‘हाय खाणे’ या जुन्या शब्दाच्या अर्थाशी जुळतात; दुःखाला कारण असते, हा समज लोकमानसात पक्का होता. तो अंधश्रद्धेहून निश्चितच बरा. परंतु दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या साऱ्या साक्षीत पुरुष दुःखाचे कारण म्हणून येतो. दुःखाचा धनी म्हणून क्वचितच येतो. स्त्रियांची साक्ष खरी आहे आणि मारहाणीला कोणतेही समर्थन असू शकत नाही. तरीही इतिहासकाराने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: जो पुरुष दारूकडे वळला, तो कोठून वळला? ‘बेकार’ आणि ‘गरीब’ या शब्दांच्या आड तोच लपलेला नाही काय? ज्या घरात स्त्रीचे दुःख पुरुषाच्या दारूतून येते, तेथे पुरुषाच्या मनाचा विचार हा स्त्रीच्या न्यायाच्या विरोधात जात नाही. तो त्या न्यायाचाच एक भाग ठरतो.

या दृष्टीने दारूबंदीच्या चळवळी आणि व्यसनमुक्तीचे कार्य यांतील फरक पाहण्याजोगा आहे. महिला मंडळांनी अनेक ठिकाणी गुत्ते बंद पाडले. ते आवश्यकच होते. परंतु गुत्ता हे खेड्यातील पुरुषांचे एकत्र येण्याचे एक ठिकाणही असते. ते बंद झाल्यावर त्याची जागा कशाने भरावयाची, हा प्रश्न उरतो. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने त्याचे एक उत्तर दिले: व्यसनातून सुटलेल्यांनीच सुटू पाहणाऱ्यांना सोबत करावयाची. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अनामिक मद्यपींच्या संघटनेचे तत्त्वही हेच होते. येथे पुन्हा तीच गोष्ट दिसते. घेणारा देणारा होतो, तेव्हाच तो सावरतो.

८. मंडळांच्या मर्यादा

शेतकरी मंडळांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली मर्यादा नावातच आहे. ‘शेतकरी’ म्हटल्यावर भूमिहीन मजूर आपोआप कडेला पडण्याचा धोका असतो. आणि जो कोयता घेऊन अर्धे वर्ष बाहेर असतो, त्याला मंडळाची बैठक गाठणे अशक्यच. ज्याला आधाराची सर्वाधिक निकड, तोच आधाराच्या वेळी गावात नाही, ही विसंगती कोणत्याही स्थानिक मंडळाला सहज सोडवता येण्याजोगी नाही.

दुसरी मर्यादा सत्तेची. पुरुषांचा समूह पैसा, कर्ज आणि विकासकामे हाताळू लागला, की तो निवडणुकीच्या राजकारणाला आकर्षित करतो. सोबतीचे मंडळ गटाचे मंडळ होण्यास वेळ लागत नाही. आणि गटात माणूस आपली दुर्बलता उघडी करीत नाही, कारण तेथे दुर्बलता ही प्रतिपक्षाच्या हातातील शस्त्र ठरते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी तरुणाचा खून झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या कारणावरून तो झाल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली. अनेक साक्षीदार उलटले होते. ज्या तालुक्यात चार दशकांपूर्वी पाण्याच्या निमित्ताने जातीची भिंत खिळखिळी करण्याचा यत्न झाला, तेथे हे घडले, याचा अर्थ तो यत्न व्यर्थ गेला असा नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की समुदाय ही वस्तू स्वभावतः उपकारक नाही. ‘गावाचा आधार’ हा शब्द उच्चारताना कोणाचे गाव, हा प्रश्न विचारावाच लागतो. ज्या समूहाची एकजूट दुसऱ्याच्या अपमानावर उभी असते, तो आपल्या माणसांनाही खरा आधार देऊ शकत नाही. कारण त्यातील प्रत्येकाला आपली प्रतिष्ठा ढळण्याचे भय सतत बाळगावे लागते, आणि हेच भय पुरुषाच्या मनोव्यथेचे एक प्रमुख मूळ आहे.

९. अलीकडील पुरावा

जामखेडच्या अनुभवावरून जे अनुमानाने सांगता येते, त्याला शेजारच्या प्रदेशांतील अलीकडच्या प्रयोगांनी काही प्रमाणात पुष्टी दिली आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या व घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांवर एक नियंत्रित प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी ज्यांच्याशी काही भेटींत संवाद केला, त्यांच्यापैकी ३६ टक्के तीन महिन्यांनंतर घातक मद्यपानातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या कार्याचे निष्कर्षही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तेथेही काम मुख्यतः गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केले.

हे आकडे लहान वाटले तरी त्यांचा अर्थ लहान नाही. तज्ज्ञांची संख्या अत्यल्प असलेल्या देशात गावातील माणूसच गावातील माणसाला हात देऊ शकतो, हे त्यांवरून दिसते. त्याच वेळी एक भेदही स्पष्ट राहावयास हवा. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा आत्मघाताची प्रवृत्ती यांना वैद्यकीय उपचारांची गरज असते. मंडळाने वैद्याची जागा घ्यावयाची नसते. त्याने दोन गोष्टी करावयाच्या असतात: माणूस तेथवर कोसळण्याआधी त्याला धरणे, आणि कोसळलाच तर वैद्यापर्यंत नेऊन परत आल्यावर जागा देणे. जामखेडला कुष्ठरोगाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. औषध दवाखान्याने दिले. जागा गावाने दिली.

१०. समारोप

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. ग्रामीण पुरुषाची मनोव्यथा ही बहुतांशी कर्तेपणाच्या मोडण्यातून येते. म्हणून तिच्यावरील उपायही कर्तेपणाच्या अंगाने शोधावा लागतो. १९७० नंतरच्या जामखेडच्या शेतकरी मंडळांनी खेळ, सहश्रम आणि सामुदायिक जबाबदारी यांच्या योगे असा एक उपाय, त्याला तसे नाव न देता, काही काळ साधला. त्याचे बळ जुन्या सावडीत होते आणि नवेपण जातीची मर्यादा ओलांडण्यात होते. जेथे ही मर्यादा ओलांडली गेली नाही, तेथे आधारही अपुरा राहिला.

या विषयाच्या अभ्यासकापुढे मोठे क्षेत्र मोकळे आहे. सहकारी सोसायट्यांची इतिवृत्ते, दुष्काळी कामांची हजेरीपत्रके, भजनी मंडळांच्या वह्या, तालमींचे हिशेब आणि ऊसतोड मजुरांच्या उचलीचे कागद ही साधने आजवर आर्थिक इतिहासासाठी वाचली गेली. त्यांतून गैरहजेरी, अचानक थांबलेली वर्गणी, नावापुढे मारलेली रेघ, अशा खुणा शोधल्यास खचलेल्या माणसांचा माग लागण्याचा संभव आहे. ज्यांनी ही मंडळे उभारली ती पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी वेळीच टिपल्या नाहीत, तर हा इतिहास पुन्हा पंचनाम्यांतूनच वाचावा लागेल. पंचनामा मृत्यूचे कारण सांगतो. माणूस इतकी वर्षे कशाच्या बळावर जगला, हे तो सांगत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे सामाजिक इतिहासाचे काम होय.